काउंट बेसी, १९३७-३८: टेनरवर यंग की इव्हान्स?

सुईधागा: काउंट बेसीच्या जॅझ बँडच्या जुन्या तबकड्यांच्या लेबलवर फक्त बँडचं नाव. टेनर सॅक्सोफोनचे सोलो लेस्टर यंगचे की हर्शेल इव्हान्सचे, हे कानाने कसं ठरवायचं?

कानसेन: सुरावलीच्या आधी लांब सुरांचा शेवट ऐका. इव्हान्सचा सूर जाड, कंप रुंद, टेनरवादक कोलमन हॉकिन्सच्या वळणाचा. यंगचा सूर हलका, कंप जेमतेम. शिवाय तो एकच सूर दोन वेगळ्या बोटांनी आलटूनपालटून काढतो. स्वर तोच, रंग बदलतो. ही खूण सापडली की बहुतेक वेळा काम झालं. तुलनेला 'वन ओ'क्लॉक जंप' (७ जुलै १९३७) घ्या: आधी इव्हान्स, मग ट्रॉम्बोन, मग यंग.

अठ्ठ्याहत्तर: त्याआधी वेग तपासा! ७८ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची) तबकडी फाइलमध्ये उतरवताना ६ टक्के जलद फिरवली तर सगळं अर्ध्या स्वराने चढतं, कंपही जलद होतो, आणि जाड सूर पातळ वाटतो. वर सांगितलेल्या तुकड्यात पियानो एफ या पट्टीत सुरू होतो, पुढे बँड डी फ्लॅट पट्टीत येतो. तुमच्या फाइलमध्ये एफ शार्प आणि डी ऐकू आलं तर वेग कमी करा. आवाज 'स्वच्छ' करणारे फिल्टरही बंदच ठेवा, सुरातली फुंकर त्यातच जाते.

कानसेन: बरोबर. आणि तारीख बघाच. इव्हान्स फेब्रुवारी १९३९मध्ये वारला. त्याच्या जागी आलेला बडी टेटही जाड सुराचाच. तिथे नुसत्या कानावर विसंबू नका.