मुलग्याच्या हातात बाहुली दिली तर बिघडतं काय?

खारूताई: भाच्याला तिसऱ्या वाढदिवसाला बाहुली दिली. दिवसभर पठ्ठ्या तिला खांद्यावर टाकून थोपटत फिरत होता. दुसऱ्या दिवशी बाहुली कपाटावर, त्याचा हात पोचणार नाही अशी. का? तर "मुलगा आहे तो." अहो, बापाने बाळाला थोपटलेलं कौतुकाचं, मग पोराने बाहुलीला थोपटलेलं का खुपतं?

सडेतोड: कपाटावर ठेवणं चूकच. पण सगळं खापर संस्कारांवर फोडू नका. २००२ साली ॲलेक्झांडर आणि हाइन्स या संशोधकांनी व्हर्व्हेट माकडांपुढे खेळणी ठेवली. नर गाडी-चेंडूशी जास्त रमले, माद्या बाहुली आणि पातेल्याशी. माकडांना कोणी शिकवलं?

खारूताई: पातेलं! माकडीण त्यात काय शिजवणार होती? ते 'मादीचं' हे माणसांनीच आधी ठरवलं ना?

सडेतोड: बरं, पातेलं सोडा. जन्माआधी अँड्रोजन हे पुरुषी संप्रेरक जास्त मिळालेल्या मुली सरासरीने गाड्यांकडे जास्त वळतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. त्याचं काय?

तिरपागडा: कल असेलही. पण बाजार त्या कलाची भिंत करतो. १९६४ साली हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने जी. आय. जो हा खेळण्यातला सैनिक आणला. हातपाय हलणारा, कपडे बदलता येणारा, म्हणजे बाहुलाच की! पण मुलगे बाहुली घेणार नाहीत म्हणून नाव दिलं 'ॲक्शन फिगर'. झालं, बाहुली मर्दानी झाली. १९९२ची बोलकी बार्बी गणिताचा तास अवघड असतो म्हणायची, ओरड झाल्यावर ते वाक्य काढलं. ती काही संप्रेरकांमुळे बोलत नव्हती.

सडेतोड: हा मुद्दा बिनतोड. तरी कॅलिफोर्नियाने २०२४पासून मोठ्या दुकानांना मुलगा-मुलगी भेद न करणारा खेळण्यांचा विभाग सक्तीचा केलाय, ते पटत नाही. कुठल्या फळीवर काय मांडायचं हे सरकारने का सांगावं?

तिरपागडा: सक्ती मलाही नको. पण गुलाबी-निळ्या पाट्या काढल्या तर कोणाचं काय जातं?

दोन लेकींची आई: माझी धाकटी बाहुलीला डंपरमध्ये बसवते, वळणावर मुद्दाम पाडते आणि मग तिला पट्टी बांधते. हा खेळ कुठल्या रंगाच्या फळीवर ठेवू?

खारूताई: 😀 इकडची खबर: बाहुली अजून कपाटावरच आहे. काल भाचा खुर्ची ओढत तिकडे निघाला होता.