थारच्या वाळवंटात आपल्या गाड्या घालायच्या का? (दिवाळीनंतरची ट्रिप)

शिरोलीकर:
भावांनो, सात गाड्या, पंचवीस माणसं, जैसलमेर. एवढं ठरलंय. घोडं अडलंय ते एकाच ठिकाणी. तिथल्या सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर आपापल्या गाड्या चढवायच्या, की तिथल्या जीपवाल्याला पैसे देऊन मागं बसायचं? कोल्हापुरातनं १४०० किलोमीटरच्या पुढं गाडी हाकत न्यायची आणि वाळू आली की कडेला लावायची, हे म्हणजे लांग बांधून आखाड्याच्या बाहेर उभं राहणं. मी तरी घालणार. बोला.

उद्यमनगरचा मिस्त्री:
घाला की. पण सातात फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या, किती? मला दोनच दिसतात. बाकीच्यांची पुढची चाकं जेवढी फिरतील तेवढी खाली रुततील.
टायरची हवा ३२ वरनं १८ च्या आसपास उतरवली की टायर पसरतो, वाळूवर टेकणारा पट्टा लांबतो, गाडी रुतत नाही. पण डांबरावर येण्याआधी ती परत भरायला लागते, नाहीतर टायर तापून फाटतोय. म्हणजे चांगला पंप हवा, आणि सात गाड्यांना एक पुरत नाही.
दुसरं. टेकडीची वाऱ्याकडची बाजू चढायला सोपी आणि घट्ट, पलीकडची मात्र एकदम खडी आणि भुसभुशीत. त्या बाजूनं नाक सरळ खाली धरूनच उतरायचं. तिरकी घातली की गाडी लोळली समजा. आणि पुढची गाडी माथा ओलांडून बाजूला गेल्याचं कळल्याशिवाय मागच्यानं चढायचंच नाही. आपल्यात हे पाळणार कोण? पन्हाळ्याच्या घाटात तरी कोण पाळतं?
दोन वर्षांमागं मी मित्राच्या गाडीत होतो. माथ्यावर ब्रेक मारला, गाडी पोटावर बसली. तीन तास फावडं मारलं. शेवटी उंटवाल्यांनी ढकलून काढली, आणि त्यांचं हसू फुकट.

माळावरची:
दादा, गाडी निघेल हो. सम-खुरीच्या आसपासचा मोठा भाग डेझर्ट नॅशनल पार्कात येतो. तिथला माळढोक पक्षी जमिनीवरच अंडं घालतो, बहुधा एकच. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला अभयारण्य असूनही तो दिसणं आता नशिबाची गोष्ट झालीय. तिकडं उरलेत तेही दीडशेच्या आसपासच. वाट सोडून सात गाड्या गेल्या की चाकाखाली काय आलं ते काचेतनं दिसत नाही.

शिरोलीकर:
ताई, माळढोक मरतोय तो मुख्यतः विजेच्या तारांना धडकून. म्हणून तर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं तारा जमिनीखालनं न्यायला सांगितल्या होत्या. गाडीवाल्यांवर कशाला?

माळावरची:
आणि २०२४ मध्ये तोच आदेश कोर्टानं सैल केला, तेही सांगा की. तारा मारतात म्हणून चाकांना मोकळीक, हा कुठला हिशोब? पर्यटकांसाठी ठरलेल्या टेकड्यांवर खुशाल जा. "कोणी नसतं तिकडं जाऊ" हे जे ग्रुपवर चाललंय, त्याला माझा विरोध आहे.

घाटमाथा:
मी म्हणतो एवढ्या लांब जायचंच कशाला? आंध्रातलं गंडीकोटा बघा. पेन्ना नदीनं एरमला डोंगर कापून केलेली लालभडक दरी, काठावर किल्ला, आत देऊळ, मशीद आणि धान्याचं कोठार. डांबरी रस्त्यानं जाता येतं, सात काय सतरा गाड्या आणा. वाळूचा नाद आहे तर पहाटे त्या कड्यावर बसून बघा, नाद उतरेल.

उद्यमनगरचा मिस्त्री:
दिवाळीनंतर? गंडीकोटा ज्या कडप्पा जिल्ह्यात आहे, तिकडं तेव्हाच ईशान्येचा पाऊस असतो. २०२१ च्या नोव्हेंबरात त्याच जिल्ह्यात अन्नमय्या धरण फुटलं होतं. ओल्या दगडावर, कठडा नसलेल्या कड्यापाशी पंचवीस माणसं आणि पोरं? जानेवारीत जा, मी पण येतो.

घाटमाथा:
तंबू कड्यापासनं लांब टाकायचे, झालं. पोरांना धाक दाखवायला आमच्या सासूबाई आहेत.

शिरोलीकर:
बरं. फोर बाय फोर दोनच असतील तर दोनच वाळूत जातील, ठरलेल्या टेकड्यांवर, आळीपाळीनं. बाकीच्यांनी जीप घ्यायची. ताईंचं एवढंच मान्य, तारांचं नाही. रविवारी सकाळी मिरजकर तिकटीला भेटू. मिस्त्री, येताना तुमचा पंप घेऊन या, आधी एका टायरला किती वेळ लागतो ते बघू.