बी.एस्सी. सोडून नर्सिंगला आलेल्या बहिणीचा महाडीबीटी अर्ज परत आलाय, मदत हवी आहे

नमस्कार. माझी धाकटी बहीण यंदा सीईटी देऊन, कॅप (केंद्रीभूत प्रवेश) राउंडमधून मुंबईतल्या एका खासगी कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला लागली. आम्ही अनुसूचित जातीचे. महाडीबीटीवर (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरलाय. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे, आमचा दाखला १ लाख ८० हजारांचा. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, अलॉटमेंट लेटर अपलोड केलंय. खातं आधारशी जोडलेलं आहे, बँकेतून खात्री करून घेतली.

अडचण वेगळीच आहे. गेल्या वर्षी ती साध्या बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती आणि तेव्हा हीच शिष्यवृत्ती मिळाली होती. आता अर्ज दोनदा 'सेंड बॅक' झाला, शेरा एकच: 'मागील शिक्षण तपासा'. पहिल्यांदा आम्ही फक्त बारावी भरली होती. दुसऱ्यांदा बी.एस्सी.चं वर्ष टाकलं, तर निकालाच्या रकान्यात काय निवडायचं तेच कळेना, म्हणून 'पास' निवडलं. जुन्या कॉलेजचा टीसी आणि मार्कशीट हातात आहे. कॉलेजातले क्लार्क म्हणतात, हमीपत्र जोडा, पण नमुना त्यांच्याकडेही नाही.

कर्ज काढणं शक्य नाही. पोरीला वॉर्डात काम करायचंय, तिचं हे वर्ष वाया जाऊ द्यायचं नाही. फीचा दुसरा हप्ता तोंडावर आहे, म्हणून घाई.

कोर्स बदलून नर्सिंग, फार्मसी किंवा फिजिओथेरपीला आलेल्या कुणी हा अर्ज मंजूर करून घेतलाय का? सोडलेलं वर्ष 'मागील शिक्षणा'त कसं दाखवलंत, आणि हमीपत्रात नेमकं काय लिहिलंत?