8 लाखांच्या वर एक रुपया, तर शिष्यवृत्ती शून्य: ही अट बदलायला हवी का?

फॉर्म_सोळा (धागाकर्ता)

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, म्हणजे बोलीभाषेतली ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागासांची) सवलत. आईवडिलांचे मिळून वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत आणि प्रवेश कॅपमधून (शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) असेल तर मुलाला शिक्षण शुल्क निम्मे माफ. मुलींना 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयापासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. इथवर सगळे चांगले.

आता आकडे मांडू. इंजिनीअरिंगचे शिक्षण शुल्क 1,20,000 धरा. 7,90,000 उत्पन्नाच्या घरात मुलाचे 60,000 वाचतात, मुलगी असेल तर 1,20,000. 8,10,000 च्या घरात दोघांनाही शून्य. वर्षाला 20,000 जास्त कमावले म्हणून 60,000 ते 1,20,000 चा फटका. पगारवाढीचे पत्र हातात आले की आनंद मानायचा की दुःख, तेच कळत नाही.

माझे म्हणणे असे की टप्पे करा. 4.5 लाखांपर्यंत पूर्ण माफी, तिथून 8 लाखांपर्यंत निम्मी, 8 ते 10 लाखांना पाव. मुलींचे टप्पे एक पायरी वर ठेवा. ही काही जगावेगळी कल्पना नाही. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत 4.5 लाखांपर्यंतच्या घरांना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी कर्जफेड सुरू होण्याआधीचे पूर्ण व्याज माफ आहे आणि 8 लाखांपर्यंतच्या घरांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर त्याच काळात 3 टक्के व्याज सवलत. आपल्याकडे अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांनाही 2.5 लाखांच्या आत शुल्क आणि निर्वाह भत्ता दोन्ही मिळतात, वर गेल्यावर फ्रीशिपमधून फक्त शिक्षण व परीक्षा शुल्क. म्हणजे दोन पायऱ्या आधीच आहेत.

खिडकी_क्रमांक_तीन

असहमत. टप्पे कागदावर छान दिसतात, पण उत्पन्नाचा दाखला निघतो कसा ते पाहा. पगारदाराला फॉर्म 16 किंवा आयकर विवरणपत्र जोडावे लागते, रुपयाची लपवाछपवी नाही. शेतकरी, टपरीवाला, रिक्षावाला यांचा दाखला तलाठ्याच्या चौकशी अहवालावर आणि स्वयंघोषणापत्रावर निघतो. आज एकच रेषा आहे, म्हणून खोटेपणाचा मोह एकाच आकड्याभोवती फिरतो. 4.5 आणि 10 च्या दोन नव्या रेषा आखल्या की 4 लाख 48 हजारांचे दाखले किती निघतील, ते सेतूवाल्याला (दाखले काढून देणाऱ्या केंद्रवाल्याला) विचारा.

शिवाय तुमच्या टप्प्यांत ज्याचे उत्पन्न कागदावर पक्के आहे तोच वरच्या पायरीवर अडकणार, म्हणजे पुन्हा तोच पगारदार.

फॉर्म_सोळा

मग दाखला सुधारा की! आयकर विवरणपत्र भरणाऱ्याचा आकडा पॅनवरून थेट घ्या, बाकीच्यांची चौकशी करा. खोटे दाखले निघतात म्हणून खऱ्याला शिक्षा, हा कुठला न्याय?

अर्धी_फी

दोघेही एकच गोष्ट विसरताय. 8 लाख ही संख्या सगळीकडे एक दिसते, पण मोजायची पद्धत एक नाही. नॉन-क्रिमी लेयर (ओबीसी आरक्षणासाठी ‘उन्नत गटात नाही’ असा दाखला) ठरवताना आईवडिलांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न 8 लाखांच्या हिशेबात धरत नाहीत. त्यांचे पद कोणत्या गटाचे, ते वेगळे पाहतात. आणि इतर उत्पन्न सलग तीन वर्षे मर्यादेच्या वर राहिले तरच बाहेर काढतात. ईडब्ल्यूएसच्या (खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांच्या) दाखल्यात मात्र पगार, शेती, धंदा सगळे धरतात आणि तेही फक्त मागच्या आर्थिक वर्षाचे.

एकाच कार्यालयातली दोन लिपिक जोडपी घ्या, दोघांचेही मिळून 11 लाख. ओबीसी जोडप्याच्या मुलाला नॉन-क्रिमी लेयर मिळेल, खुल्या प्रवर्गातल्या जोडप्याच्या मुलाला ईडब्ल्यूएस मिळणार नाही. गोंधळ पुढे होतो. नॉन-क्रिमी लेयरवर आरक्षणातून प्रवेश झाला की घरचे गृहीत धरतात, फी माफीही आलीच. तिथे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला वेगळा मागतात आणि 11 लाखांचा आकडा पाहून अर्ज बाद होतो. प्रवेशाच्या आधीच हे दोन कागद वेगळे धरा.

माझे मत: टप्पे नंतर, आधी मोजपट्टी एक करा.

खिडकी_क्रमांक_तीन

मोजपट्टीबद्दल +1. त्यात महागाईही धरा. नॉन-क्रिमी लेयरची मर्यादा 2017 मध्ये 6 वरून 8 लाख झाली, त्यानंतर जागची हललेली नाही. दरवर्षी निर्देशांकाला जोडून वाढवली तर धागाकर्त्यांची निम्मी तक्रार मिटेल, आणि टप्पेही लागणार नाहीत.

खाते_क्रियाशील

तुमची चर्चा पात्रतेच्या दारातच अडकली आहे. आत गेलेल्यांचे पैसे कुठे अडकतात, तेही बघा.

महाडीबीटीचा (शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा) पैसा खाते क्रमांकावर जात नाही, आधारवर जातो. एनपीसीआयच्या (बँकांमधले पैसे फिरवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत तुमच्या आधारसमोर ज्या बँकेचे नाव आहे, तिथेच जमा होतो, आणि तिथे एका वेळी एकच बँक असते. ‘खात्याला आधार जोडलाय’ एवढ्याने भागत नाही. ती केवायसी (ओळख पडताळणी) झाली, डीबीटीसाठीचे सीडिंग, म्हणजे त्या नोंदीत बँकेचे नाव चढवणे, वेगळे. यूआयडीएआयच्या (आधार प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती पाहायची. तिथे बँकेचे नाव आणि ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसले तरच निश्चिंत व्हा. मध्येच दुसऱ्या बँकेत सीडिंग केले तर पैसे तिकडे जातात आणि जुने पासबुक बघत बसायची वेळ येते.

दुसरी मेख म्हणजे शाळेत असताना कमी कागदांवर उघडलेले ‘छोटे खाते’. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने त्यात शिल्लक 50,000 च्या वर जाऊ शकत नाही आणि वर्षभरात जमा 1 लाखाच्या वर नाही, महिन्याला 10,000 पेक्षा जास्त काढताही येत नाहीत. सरकारी अनुदान जमा होताना 50,000 ची अट लागत नाही, पण 60,000 चा हप्ता आला तरी एकदम हाताशी येत नाही. पूर्ण केवायसी करून खाते साधे करून घ्या, हे काम ऑगस्टमध्येच उरका.

म्हणून माझ्या मते टप्पे असोत वा नसोत, मंजूर रक्कम वेळेत पोचणे आधी. फीचा हप्ता ऑगस्टमध्ये भरायचा आणि शिष्यवृत्ती पुढच्या उन्हाळ्यात येणार असेल तर ती मदत नसून परतावा आहे.

अर्धी_फी

या मुद्द्यावर नियम विद्यार्थ्याच्या बाजूने आहे. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशावेळी फक्त त्याच्या वाट्याचे शुल्क घ्यायचे, असे आदेश आहेत. पण महाविद्यालय ‘आधी पूर्ण भरा, आले की परत देऊ’ म्हणते आणि पालक घाबरून भरतात. ‘पूर्ण भरल्याशिवाय प्रवेश नाही’ हे लेखी द्या म्हणून सांगा, बऱ्याचदा स्वर बदलतो. आणि मुलींच्या पूर्ण माफीत वसतिगृह, मेस, अनामत येत नाही. व्यवस्थापन कोट्यातल्या जागा, अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे तर योजनेबाहेरच आहेत. जाहिरातीतले ‘मोफत शिक्षण’ वाचून घर सोडण्याआधी हे पाहा.

फॉर्म_सोळा

मान्य, पण वेळेत पैसे न येणे ही अंमलबजावणीची चूक आहे. 8,10,000 वाल्याला तर वाट बघायचाही हक्क नाही. त्याच्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलेले नाही.

खिडकी_क्रमांक_तीन

देतो. त्या 25 टक्क्यांचा पैसा कुठून आणायचा? ईबीसीत आजही एका कुटुंबातल्या दोनच मुलांना लाभ आहे, तिसऱ्याला नाही. 3 लाखांच्या घरातले तिसरे लेकरू बाहेर ठेवून 9 लाखवाल्याला पाव सवलत द्यायची असेल, तर मी विरोधातच राहीन.

फॉर्म_सोळा

दोन मुलांची अट काढावी, हे आधी लिहायला हवे होते, तेवढे खरे. पण मग टप्पेही ठेवा: 4.5 च्या आतल्या घराला मुलांच्या संख्येची अट नको, 8 ते 10 लाखांच्या घरात एकाच मुलाला पाव. हिशेब तिथे बसू शकतो.

खाते_क्रियाशील

हे चालेल. पण दाखल्याच्या तारखेचीही एक अट घाला त्यात. एका वर्षाचा दाखला 31 मार्चला संपतो आणि अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनमधून ‘दुरुस्तीसाठी परत’ येतो तो नेमका एप्रिलात. तेव्हा पुन्हा नवा दाखला, पुन्हा सेतू. अर्ज भरल्या दिवशी दाखला वैध होता, एवढे पुरे धरायला हवे.