अनुभव धागा: नवीन 2 सिरीज ग्रान कूपे इंदूरच्या रस्त्यांवर कशी तपासावी

बीएमडब्ल्यूची ही सर्वांत लहान सेडान जुलै 2025मध्ये नव्या रूपात भारतात आली. दिवे, जाळी सगळ्यांनी पाहिलं. आतला बदल मोठा आहे. जुन्या 220आयमधलं दोन लिटरचं, चार सिलेंडरचं इंजिन गेलं. नव्या 218मध्ये दीड लिटर, तीन सिलेंडर आणि 156 अश्वशक्ती आहे. टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, 280 न्यूटन मीटरवरून 230वर आला. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, मात्र तोच, 2670 मिलिमीटर. ज्यांनी ही गाडी चालवली किंवा नीट तपासली असेल त्यांनी नेमकं लिहा. नुसतं ‘मस्त आहे’ नको.

गिअरबॉक्सवाला
सात गिअरांचा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, क्लच तेलात बुडालेले. कोरड्या क्लचपेक्षा ते उष्णता जास्त सोसतात. तरी गाडी इंचाइंचाने सरकते तेव्हा क्लच पूर्ण धरत नाही, घसरत राहतो आणि तापतो. म्हणून टेस्ट ड्राइव्ह सुपर कॉरिडॉरच्या रुंद रस्त्यावर संपवू नका, तिथे सगळ्याच गाड्या लोण्यासारख्या चालतात. संध्याकाळी राजवाड्याहून मालगंजकडे, गर्दीतून न्या. ब्रेक सोडा, ॲक्सिलरेटरला पाय लावू नका, गाडी आपोआप सरकू द्या, पुन्हा ब्रेक. हे पंधरा-वीस वेळा करा. दुसऱ्यावरून पहिला गिअर पडताना धक्का बसतो का, तिकडे लक्ष द्या. वरच्या गिअरला जातानाचा बदल बहुतेक गाड्यांत गुळगुळीतच असतो, खोट खालच्या गिअरला येताना कळते. शेवटी बेसमेंटच्या रॅम्पवर मध्येच थांबा, ऑटो होल्ड (पाय काढला तरी ब्रेक धरून ठेवणारी सोय) लावा आणि हळूच निघा. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरायची सवय असेल तर ती आधी सोडा, क्लच त्यानेच जळतात.

भेरूघाट
तीन सिलेंडर ऐकताच नाक मुरडू नका. असं इंजिन मुळात पुढे-मागे डुलतं, ते मारायला यात बॅलन्स शाफ्ट आहे. उरलेलं कंपन असं शोधा: एसी पूर्ण, गिअर डीमध्ये, पाय ब्रेकवर. बोटं स्टिअरिंगवर ठेवा, मग दुसऱ्याला मागच्या दारावर तळवा ठेवायला सांगा. गाडी थांबली की इंजिन बंद करणाऱ्या स्टार्ट-स्टॉपने ते पुन्हा सुरू होतानाचा हिसका वेगळा तपासा, जास्त खुपतो तो.

ताकदीचं बोलायचं तर शून्य ते 100ला कंपनीच्या आकड्याप्रमाणे 8.6 सेकंद, जुन्या 220आयला 7.1. शहरात फरक जाणवणार नाही. खंडवा रोडच्या घाटात चार माणसं, सामान आणि एसी घेऊन, रस्ता मोकळा दिसेल तिथेच, 40वरून 80 गाठून बघा. वेळ शेजारी बसलेल्याने मोजावी. जुनी डिझेल 400 न्यूटन मीटरची होती, तिच्यावरून येणाऱ्याला ओढ कमी वाटणारच. रोज शहरातच फिरणार असाल तर हे इंजिन पुरतं. दर आठवड्याला ओंकारेश्वर-खंडवा असेल तर मी घेऊ नका म्हणेन.

मागचीसीट
भेरूघाटदादा, इंजिनाइतकीच मागची सीट महत्त्वाची, आणि शोरूममध्ये तीच कोणी तपासत नाही. व्हीलबेस वाढलेला नाही, म्हणजे नवं रूप आलं म्हणून गुडघ्यांना जागा वाढेल ही आशा ठेवू नका. पुढची सीट स्वतःच्या मापाने लावा, मग तिच्यामागे बसा. डोकं आणि छताच्या मध्ये उभी मूठ मावत नसेल तर लांबच्या प्रवासात मान वाकवूनच बसावं लागेल. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला बरोबर न्या. छत मागे उतरतं आणि सीट खाली आहे, त्यामुळे आधी डोकं वाकवायचं, मग कंबर खाली सोडायची. गुडघेदुखी असलेल्या आजींना याचा फार त्रास होतो, आणि उतरताना चढण्याहून जास्त. साडी नेसून एकदा चढून-उतरून बघायला सांगा. मध्ये तिसरा माणूस धरूच नका.

काचवाला
दारांना चौकट नाही. दार उघडताना काच आपोआप थोडी खाली येते, बंद झाल्यावर वर चढून रबरात बसते. चारही दारं हळू लावून बघा. काच रबरात नीट बसली नाही तर 80च्या पुढे शिट्टी येते आणि उन्हाळ्यात धूळ आत शिरते. बॅटरी उतरली की काच खाली येत नाही. तेव्हा दार ओढू नका, रबर फाटतं.

एसी
फिरवायचं गोल बटण गेलं, एसीची बटणं टचस्क्रीनच्या पडद्यात गेली. मे महिन्यात दुपारी दीडला, ऊन पडद्यावर पडत असताना पंखा कमी-जास्त करून बघा. मला हा बदल पटत नाही.

टायर
आकडा टायरवरच वाचा. 225/45 म्हणजे 225चे 45 टक्के, बाजूची भिंत 101 मिलिमीटर. 225/40 असेल तर 90. भिंत जितकी कमी, तितका खड्ड्यात रिमला मार जास्त. बाजूला ‘आरएससी’ लिहिलं असेल तर रनफ्लॅट: हवा गेल्यावर 80 किलोमीटरपर्यंत, 80च्या आतल्या वेगाने चालतो. पण कडक असल्याने ब्रेकरवर ठणकतो. स्टेपनी आहे का, बूटमध्ये किती जागा खाते, ते झाकण उचलून बघा. कागदावरचे 430 लिटर स्टेपनी ठेवल्यावर उरत नाहीत. विम्यात टायर आणि रिमचं कलम वेगळं मागा.

डिलिव्हरीच्या दिवशी सगळ्या टायरांवरचा, स्टेपनी असेल तर तिच्यावरचाही, चार अंकी आकडा वाचा. 2325 म्हणजे 2025चा तेविसावा आठवडा. टायर गाडीच्या निर्मितीच्या महिन्याहून बरेच जुने असतील तर सही करण्याआधीच विचारा.