ग्राहक भांडाराच्या शाखा आमच्या बाजारपेठांतून कशा नाहीशा झाल्या?

खाडीकाठ (प्रश्न)

गणपतीला घरी गेलो असताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत वडिलांच्या नावाचा एक भाग-दाखला (शेअर सर्टिफिकेट) सापडला. दहा रुपयांचे पाच भाग, साल १९६९, खाली चेअरमन आणि सेक्रेटरी यांच्या निळ्या शाईतल्या सह्या आणि मधोमध गोल शिक्का. त्यातला नोंदणी क्रमांकच नेमका वाळवीने खाल्लेला आहे. दाखला आमच्या तालुक्याच्या गावातल्या सहकारी ग्राहक भांडाराचा आहे. जिल्हा तेव्हा अखंड रत्नागिरी होता आणि या भांडाराच्या आसपासच्या तीन-चार बाजारपेठांत शाखा होत्या. मुख्य दुकान दुमजली. खाली किराणा, साबण, स्टोव्हच्या पिना आणि वायसर. वर कापड, भांडी आणि जून महिन्यात वह्यांचे गठ्ठे. एका खिडकीवर बिल करायचे, दुसरीवर पैसे भरायचे आणि शिक्का मारलेली पावती तिसऱ्या ठिकाणी दाखवून माल घ्यायचा, ही पद्धत आम्हा मुलांना फार रुबाबदार वाटत असे.

नव्वदीनंतर एकेक शाखा बंद होत गेली आणि शेवटी मुख्य दुकानालाही कुलूप लागले. त्या वेळी आमच्याकडे मॉल नव्हते आणि मोठ्या कंपन्यांची दुकानेही नव्हती. मग ही दुकाने बसली कशामुळे? आणि या दाखल्याला आज काही अर्थ आहे का?

लाल शाई

सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणात माझी नोकरी गेली, त्यामुळे अशी दप्तरे बरीच चाळलेली आहेत. आपल्या भांडाराचे नाव आपण दिलेले नाही ते बरेच झाले, कारण पुढे जे लिहितो ते कमीअधिक फरकाने बहुतेकांना लागू पडते.

ही दुकाने लोकांच्या उत्साहातून उभी राहिली असे आपण समजतो आणि काही बाबतींत ते खरेही आहे. मुंबईत १९४८ साली नायगावच्या कामगार वस्तीत सुरू झालेला अपना बाजार हे त्याचे ठळक उदाहरण; त्याच्या गिऱ्हाइकांत आपल्याच गावांतून गिरणीत गेलेला चाकरमानी मोठ्या संख्येने होता. पण जिल्ह्याजिल्ह्यांतली बरीच भांडारे टंचाईच्या पोटी जन्मली. १९६२ च्या चीन युद्धात भाव भडकू नयेत म्हणून केंद्र सरकारने ग्राहक भांडारांची योजना आखली, ज्यात एक मध्यवर्ती घाऊक भांडार आणि त्याखाली किरकोळ विक्रीची दुकाने अशी रचना होती. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला, तेव्हा महागाईच्या धास्तीने या योजनेला दुसरा जोर मिळाला. दिल्लीचा सुपर बाजार त्याच वर्षीचा, आणि पुढे गावोगावच्या फलकांवर 'सुपर बाजार' हे शब्द दिसू लागले ते त्याच्याच अनुकरणाने. आपल्या वडिलांचा दाखला १९६९ चा आहे, म्हणजे ते याच लाटेतले सभासद असावेत.

या दुकानांकडे असे काय होते जे वाण्याकडे नव्हते? नियंत्रित माल. गिरण्यांना ठरावीक प्रमाणात काढावे लागणारे नियंत्रित दराचे कापड (धोतर, साडी, लाँगक्लॉथ, शर्टिंग आणि ड्रिल) भांडारातून मिळे. साखर, वनस्पती तूप आणि पुढे आयात केलेले पामतेल यांचेही तसेच. १९७२ च्या दुष्काळानंतर मुंबईत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. त्या काळात ज्याच्या दुकानात तेलाचे पिंप उतरते, त्याच्या दारात रांग लागणारच. त्या रांगेतला माणूस तेलाबरोबर साबणही घेई, मुलाचा गणवेशही घेई आणि त्यावर शाखा चालत. मात्र ही ताकद दुकानाची नव्हती, कोट्याची होती. आपल्या प्रश्नाचे माझ्या मते उत्तर हेच आहे. एप्रिल १९९४ मध्ये पामोलिनची, म्हणजे त्याच पामतेलाची, आयात सर्वांना खुली झाली, तेल कोपऱ्यावरच्या दुकानात पिशवीतून मिळू लागले आणि रांग मोडली. रांग मोडल्यावर साबण आणि गणवेशही गेले. नियंत्रित कापडाचे आकर्षण तर त्याआधीच ओसरले होते, कारण टेरिकॉटच्या पुढे ते जाडेभरडे कापड कोण घेणार?

आणखी एक मुद्दा, जो ताळेबंद वाचल्याशिवाय ध्यानात येत नाही. इंग्लंडात रॉचडेल येथे १८४४ साली २८ सभासदांनी काढलेल्या दुकानाचे दोन दंडक होते: माल बाजारभावाने विकायचा आणि उरलेला नफा वर्षअखेर ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात परत करायचा, आणि विक्री रोखीनेच करायची. आपल्या भांडारांनी दोन्ही मोडले. भाव बाजारापेक्षा दोन-चार पैसे कमी ठेवल्याने गंगाजळी साचली नाही आणि शिक्षक व सरकारी नोकर यांना पगारातून कपात होईल या भरवशावर उधार दिले. बदली झाली की कपात थांबे आणि येणे बाकी वहीत वर्षानुवर्षे 'चांगले येणे', म्हणजे वसूल होणारी रक्कम, म्हणून पुढे ओढले जाई. मी स्वतः लाल शाईने शेरे मारले आहेत. पुढच्या वर्षी तोच शेरा तसाच्या तसा उतरवावा लागे. दिल्लीचा सुपर बाजारही २००२ साली अवसायनात (संस्था गुंडाळण्याच्या प्रक्रियेत) निघाला, हे लक्षात घेतले तर दोष कोकणच्या मातीला देता येणार नाही.

कापड विभाग

वरील सविस्तर उत्तर वाचले. मी अशाच एका भांडाराच्या शाखेत कापडाच्या काउंटरवर चौदा वर्षे होते, म्हणून आतली बाजू सांगते. शाखेचे नाव मीही लिहीत नाही, कारण माझे काही सहकारी अजून थकलेल्या पगाराची वाट पाहत आहेत.

कोकणातल्या दुकानाला पाऊस हा एक स्वतंत्र व्यवस्थापक असतो. मध्यवर्ती भांडार खरेदी समितीच्या सभेत माल ठरवी आणि सर्व शाखांना सारखाच पाठवी. आमच्याकडे मेअखेरीस लोकरी शालींचा गठ्ठा आल्याचे मला आठवते. तो जुलैत उघडला तेव्हा घडीच्या रेषेवर पांढरी बुरशी धरलेली होती. आम्ही त्या शाली माडीवर दोऱ्या बांधून, खाली शेगडी ठेवून शेकल्या; वास गेला, डाग राहिले. त्या अर्ध्या किमतीत विकायची परवानगी मागितली, तर निर्णय पुढच्या सभेवर गेला आणि पुढची सभा दिवाळीनंतर झाली. शेजारचा कापडवाला असा माल दुसऱ्या दिवशी दारात ढीग लावून काढून टाकी.

साखरेची तूट हा दुसरा छळ. पोते ओल धरी, काट्यावर ठरलेल्या वजनाच्या आसपास भरे, आणि तीच साखर उन्हाळ्यात सुकली की काही किलो कमी. घट किती धरायची याचा नियम घाटावरच्या कोरड्या हवेला शोभेल असा होता आणि फरक आमच्या पगारातून वळता होई. चोरी मुळीच नव्हती असे मी म्हणणार नाही. पण चोर आणि हवा यांची वही एकच होती आणि भरपाई करणारे आम्हीच.

तरी एक गोष्ट नोंदवते. खेड्यातली बाई आमच्याकडे निःसंकोच लुगडे उलगडून बघे. पेढीवरच्या दुकानात तिला पायरीवर उभे राहून मागावे लागे.

तागडी

आमचे तीन पिढ्यांचे किराणा दुकान त्याच प्रकारच्या बाजारपेठेत आहे, तेव्हा मी प्रतिपक्षातला समजावा. १९९४ चे कारण मला अपुरे वाटते. भांडार त्याआधीच हरत होते, आणि ते एस्टीच्या वेळापत्रकामुळे.

आमच्या बाजारात खेड्यांतून पहिली गाडी सकाळी पावणेआठला येई आणि परतीची साडेबाराला सुटे. भांडार दहाला उघडे, त्यात उदबत्ती आणि शिल्लक मोजणी होऊन पहिले बिल सव्वादहाला फाटे, एक ते तीन जेवणाची सुट्टी आणि रविवारी बंद. तीन खिडक्यांवर उभे राहून परतीची गाडी गाठायची तर माणूस भांडारात शिरणार कशाला? वडील सात वाजता फळ्या काढत. यादी घेऊन पिशवी बांधून ठेवत आणि तोवर गिऱ्हाईक तहसील, दवाखाना उरकून येई.

उधारीबद्दल वर लिहिले आहे ते खरे, पण उधारी आम्हीही दिली, किंबहुना जास्त दिली. फरक इतकाच की मुंबईहून मनिऑर्डर कोणाकडे कधी येते, कलमांचा सौदा कोणी कितीला केला आणि कोणाच्या घरी बारसे आहे, हे वडिलांना पोस्टमनच्याही आधी कळे. घाटावर वारणा बाजार हे सहकारी भांडार टिकले, कारण त्याच्या भोवती साखर कारखाना आणि दूध संघ आहे. गिऱ्हाइकाचे उत्पन्न तिथे सहकारातूनच फिरते. आपल्याकडे उसाचे बिल नाही. आंबा दलालाच्या हातात आणि पगार गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गावाकडच्या मनिऑर्डरी आटल्या, तेव्हा आमच्या वहीतलीही चार पाने कायमची बुडाली. आम्ही घरचे दागिने ठेवून दुकान चालवले. भांडाराला ठेवायला दागिने नव्हते, सभासद होते.

लाल शाई

वेळापत्रकाचा मुद्दा मान्य. तो आमच्या कोणत्याही अहवालात आलेला नाही. १९८२ चाही मान्य. तरीही तेलाची रांग असेपर्यंत लोक साडेबाराची गाडी चुकवूनसुद्धा थांबत, हे आपणही पाहिले असेल.

सहकारी दुकान चालूच शकत नाही असा निष्कर्ष मात्र काढू नये. डी-मार्टच्या राधाकिशन दमाणी यांनी १९९९ मध्ये नेरूळला अपना बाजारची फ्रँचाइझी घेऊन किराणा धंद्याचा पहिला धडा गिरवला होता. ती पद्धत त्यांना पटली नाही आणि २००२ मध्ये त्यांनी पवईत स्वतःचे पहिले दुकान काढले. उलट टोकाला मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून दुकानच न ठेवता, कुटुंबांचे संघ करून महिन्याच्या मागणीपुरताच माल आणून वाटला. फळीवर माल नाही, त्यामुळे शालींना बुरशी नाही.

खाडीकाठ

सर्वांचे आभार. शाली शेकल्याचे वाचून आईला हसू आवरेना. आमच्या घरात तशी एक डागाळलेली शाल होती म्हणे. दाखल्याचे काय करू? आणि ती दुमजली इमारत बाजारपेठेच्या ऐन मध्यावर होती, तिच्या किमतीत सभासदांचा वाटा नसतो का?

लाल शाई

तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात दाखल्याची छायाप्रत, वडिलांचा मृत्यू दाखला आणि वारसाचा पुरावा जोडून लेखी अर्ज करावा. नोंदणी क्रमांक वाळवीने खाल्ला असला तरी संस्थेचे नाव आणि दाखल्याचे साल यांवरून नोंदणी पुस्तकात शोध घेता येतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०२ खाली अवसायनाचा आदेश झाला होता का, अवसायक कोण होता आणि संस्थेची नोंदणी रद्द झाली आहे का, या तीन गोष्टी अर्जात स्पष्ट विचाराव्यात. उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकारात तोच अर्ज पुन्हा द्यावा.

इमारतीबद्दल आशा धरू नये. अवसायनात आधी देणी भागवली जातात, मग उरल्यास भागांची रक्कम परत मिळते, आणि त्याहून जे शिल्लक राहील ते सभासदांत वाटून घेता येत नाही. म्हणजे सर्व काही सुरळीत झाले असते तरी आपल्या वडिलांच्या नावे पन्नास रुपयेच निघाले असते. दाखला मात्र ट्रंकेत परत ठेवू नये. वाळवी अजून तिथेच असेल.