मदत हवी आहे: डोंगरातल्या थंड शहरात स्वस्त हॉटेल कसं निवडावं?

आई-बाबांना घेऊन पहिल्यांदाच डोंगरातल्या थंड शहरात ४ रात्री राहायचंय. बजेट बेताचं आहे. दर १००० मीटर उंचीला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं, म्हणजे उन्हाळ्यातही रात्री गारठा असणारच. पण खरी काळजी चढाची आहे, कारण आईचे गुडघे दुखतात. नकाशावर बाजारापासून ३०० मीटरवर दिसणारं हॉटेल प्रत्यक्षात शंभर पायऱ्या वर निघालं तर? बुकिंगआधी फोनवर हे नेमकं कसं विचारून घ्यावं? गरम पाणी दिवसभर मिळतं की ठरावीक वेळेलाच, हीटरचे पैसे वेगळे का, हेही विचारणार आहे. दरीकडच्या महाग खोलीपेक्षा सकाळचं ऊन येणारी पूर्वेकडची खोली बरी, असं मला वाटतं. कुणाचा अनुभव असेल तर कृपया सांगा.